वेस्ता नाईकाचा जामीन

साहेब, वेस्ता नाईकाला तुम्ही मारलंत. दोर ओढणारे हात दुसऱ्याचे असतील, पण मारलंत तुम्ही. हे मी एकदा तुमच्या तोंडावर बोललो आहे. तेव्हा तुम्ही चहाचा पेला खाली ठेवलात आणि खिडकीबाहेर बघायला लागलात. आता मी म्हातारा झालो. तुम्ही कुठे आहात मला ठाऊक नाही. कुणी म्हणतं विलायतेत बागेत फुलं लावता, कुणी म्हणतं कधीच मातीत गेलात. जिथे असाल तिथे ऐका.

त्या सकाळी बंगल्याच्या ओसरीत तुमची दाढी चालली होती. भागा न्हाव्याने अर्ध्या गालाला साबण फासला होता. मी समोर उभा, अंगात लाल डगला, पायात पलटणीने दिलेले आणि कधीच न बसलेले बूट. भिल्लांची बोली मला कशी येते, असं तुम्ही विचारलंत. तुम्हाला ते आधीच कळलेलं असणार, नाहीतर एवढ्या शिपायांतून मलाच कशाला बोलावलं असतं. तरी पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मी तापीकाठच्या माळ्याचा पोर. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्यावर मला उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उखा. असला घाणेरडा पोर मरणालाही नकोसा वाटावा, ही त्यामागची युक्ती. ती चालली, पण माझ्यापुरतीच. मोठ्या दुष्काळात आई-बाप दोघं गेले आणि गावाने दारं लावून घेतली. गावचा जागल्या भिल्ल होता. त्याच्या बायकोने मला झोपडीत नेलं, आंब्याच्या कोयांचं पीठ शिजवून घातलं. तिच्या पोरांबरोबर वाढलो, त्यांचीच बोली बोललो. पुढे छावणीच्या बाजारात वाण्याकडे पोती उचलायला लागलो. पोत्यांवरची अक्षरं बघून बघून वाचायला शिकलो. मिसरूड फुटल्यावर पलटणीत शिरलो ते पोट भरतं म्हणून. कंपनी सरकारचा मला काही उमाळा नव्हता.

तुम्ही म्हणालात, वर उंबरझिरीला वेस्ता नाईक आहे, त्याला खाली आण.

वेस्ता कोण होता ते तुम्ही सांगितलं नाहीत, मी सांगतो. सातपुड्याच्या त्या घाटाची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या लोकांकडे होती. व्यापाऱ्यांचे बैल त्यांनी सुखरूप पलीकडे न्यायचे आणि त्याबद्दल धान्य घ्यायचं. पेशवाई बुडाल्यावर तुम्ही तिथे आपली चौकी बसवलीत आणि राखणदारांना चोर ठरवलंत. ते चौकीवर तुटून पडले. त्यात एक हवालदार मेला. मग तुम्ही तोफा नेल्या नाहीत की माणसं चढवली नाहीत. फक्त हुकूम काढलात की घाटावर मीठ जाऊ द्यायचं नाही. याहून हुशार लढाई मी पाहिली नाही आणि याहून हलकटही पाहिली नाही.

आता वेस्ताने खाली यायचं, हात जोडायचे. तुम्ही त्याला पागोटं बांधायचं, घाटाची राखण परत द्यायची, मीठ सोडायचं. असा तुमचा निरोप. मी विचारलं, "आणि हवालदाराचं काय?"

"माफ."

"सगळं माफ?"

"सगळं."

शिपायाने साहेबाला इतकं विचारायचं नसतं. भागाचा वस्तरा हवेत थांबला होता. तरी मी विचारलंच, हा तुमचा शब्द म्हणून सांगू का? तुम्ही साबणाच्या तोंडाने हसलात आणि हात पुढे केलात. त्याआधी गोऱ्या माणसाचा हात मी हातात घेतला नव्हता. ओला होता.

पहिल्या खेपेला मी डगला घालूनच चढलो, कारण सरकारचा माणूस दिसायला हवा असं तुमचं म्हणणं. बूट मात्र काढून गळ्यात अडकवले होते. घाटाच्या वळणावर कातळामागून एक तरणा गडी कामठ्याला बाण लावून उठला. वेस्ताचा धाकटा भाऊ, दित्या. मला वरखाली न्याहाळून म्हणाला, "पळस यंदा लवकर फुलला म्हणायचा. आणि चालायलाही लागला."

मी त्याच्याच बोलीत म्हटलं, फुलाला तहान लागली आहे, पाणी असलं तर दे. त्याने कामठा खाली केला नाही, पण हसला. वरपर्यंत तो माझ्यामागे चालत होता आणि गळ्यातल्या बुटांवरून मला टोमणे मारत होता. पायातलं गळ्यात घालणारी तुमची जात कुठली, टोपी मग कुठे घालता, असलं काहीबाही.

नाईक म्हटल्यावर मी मनात धिप्पाड माणूस धरला होता. वेस्ता बुटका, एका पायाने फेंगडा, वरचे दात पुढे आलेले. शेळीच्या खुरात मोडलेला काटा काढत बसला होता. काटा निघेपर्यंत त्याने मान वर केली नाही. मग माझा निरोप ऐकला आणि उत्तर द्यायच्या ऐवजी तुमच्याबद्दल विचारायला लागला. साहेब हसतो का? एकटा जेवतो की माणसांत? त्याला आई आहे का?

मी म्हटलं, आहे, विलायतेत.

"एवढ्या लांब सोडून आला," वेस्ता म्हणाला, "म्हणजे भांडण झालं असणार."

त्याची स्वतःची आई तिथेच कुडाला टेकून बसली होती. थावरी तिचं नाव, पण अख्खा पाडा तिला याहा म्हणायचा, म्हणजे आई. नाईक वेस्ता असला तरी शेवटचा होकार तिचा, हे मला पाणी प्यायच्या आत कळलं. माझ्या धोतराच्या टोकाला मिठाची गाठ होती. वाटेत लागेल म्हणून बांधलेली. ती सोडून मी तिच्या तळहातावर ओतली. तिने जिभेचं टोक लावलं, डोळे मिटले, आणि उरलेलं सगळं वेस्ताच्या बायकोच्या, रेशमीच्या, मडक्यात टाकलं. रेशमीची तान्ही मुलगी पाठीला बांधलेली होती. तिच्या मानेला मोठी गाठ आली होती. मिठाशिवाय असं होतं की आणखी कशाने, मला माहीत नाही. थावरीचं म्हणणं मिठाशिवाय.

थावरी म्हणाली, तुझ्या साहेबाला सांग, एक महिना अळणी जेवून बघ आणि मग निरोप धाड.

हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत.

दुसऱ्या खेपेला मी तुमची उत्तरं घेऊन गेलो. राखण कुठल्या वळणापासून कुठल्या वळणापर्यंत, चौकी उठणार का, मीठ किती बैल जाऊ द्यायचं. वेस्ता प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकायचा आणि मग आईकडे बघायचा. तिसऱ्या खेपेला त्याने अट घातली. तो तुमच्या घरी येईल, पण तोवर तुमचा माणूस त्याच्या घरी राहील. जामीन म्हणून. होळीच्या आधी वेस्ता परत आला पाहिजे, कारण होळीचा दांडा नाईकाने रोवायचा असतो.

"आणि नाही आला तर याचं मुंडकं चौकीत पाठवू," दित्या म्हणाला. "बूट आम्ही ठेवू."

सगळे हसले. मीही हसलो.

ही अट तुमच्यापुढे ठेवली तेव्हा तुम्ही एका दमात माझं नाव घेतलंत. साहेबाचा केवढा विश्वास आपल्यावर, म्हणून त्या दिवशी मी छावणीत छाती काढून फिरत होतो.

वेस्ता निघाला तो कामठ्याशिवाय, दोन माणसं बरोबर घेऊन. हत्यार आणायचं नाही ही तुमची अट. जाताना त्याने मला बाजूला घेतलं. मला वाटलं काही मोठं सांगणार. तो म्हणाला, ती काळी शेळी माझ्याशिवाय पान्हा सोडत नाही, तिला शिव्या दिल्या की सोडते, आणि शिव्या आईवरूनच हव्यात. मग थोडं थांबून त्याने विचारलं, "उखा, साहेबाने तुला हात दिला होता ना?"

"दिला होता."

"घट्ट धरला होता?"

मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते.

मी वेस्ताच्या घरात राहिलो. त्याच्या जागी झोपलो, त्याच्या द्रोणातून अळणी पेज प्यायलो, त्याच्या शेळीला शिव्या घातल्या. ती खरंच पान्हा सोडायची. रेशमी कुडाआडून हसायची. दित्या मला कामठा ओढायला शिकवायचा आणि माझा बाण कुठे पडला ते शोधायला अख्ख्या पाड्याला पाठवायचा. होळी जवळ आली तशी पोरांनी कमरेचे घुंगरू घासायला काढले, मोरपिसांचे टोप वळणीवरून खाली आले. नाईक येताना मीठ आणणार, यंदा होळीचं जेवण चवीचं होणार, अशी बोलणी सुरू झाली. थावरी रोज सकाळी ओढ्यापर्यंत जाऊन घाटाकडे बघायची. परत येताना माझ्याकडे बघत नसे. मी मात्र तिच्याकडे बघायचो, कारण त्या बाईच्या चेहऱ्यावर मला माझं आयुष्य किती उरलं ते वाचायचं होतं.

दांडा तोडायला माणसं रानात गेली होती त्या दुपारी सोम्या परत आला. वेस्ताबरोबर गेलेल्या दोघांपैकी एक. एकटाच आला. अंग काट्यांनी फाटलेलं.

त्याने सांगितलं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही वेस्ताला पागोटं बांधलंत, आपल्या ओसरीत जेवायला बसवलंत. वेस्ताने भाजीतलं मीठ चाखून सोम्याकडे बघून डोळा मारला. जेवण झालं, त्याने हात धुतले, आणि शिपाई आले. हवालदाराच्या खुनाबद्दल. वेस्ता म्हणाला, ते माफ आहे, उखाने सांगितलं. तुमचा कारकून म्हणाला, माफी लुटीची होती, खुनाची नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडताना चौकीजवळच्या सागाला त्याला टांगलं, सगळ्या घाटाला दिसावं म्हणून. सोम्या रानात निसटला होता; दुसऱ्या साथीदाराला बेड्या घालून कुठे नेलं ते आजतागायत कळलं नाही.

पाड्यात कुणी रडलं नाही. दित्या उठला आणि त्याने माझे केस धरले. मी धडपडलो नाही. आजूबाजूला माणसं गोळा झाली. काल माझ्या बाणावर हसणारीच ती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

थावरी ओढ्यावरून आली. तिने दित्याचा हात माझ्या केसांतून सोडवला.

"याचा गळा घेऊन मी काय करू?" ती म्हणाली. "याने मारलंय का?"

दित्या म्हणाला, जामीन आहे तो.

"जामीन आहे, म्हणून तर जिवंत पाहिजे. मारणाऱ्याला आणायला कोण जाणार, तू?"

मग तिने मला समोर बसवून सांगितलं. साहेब, तुमच्याकडे कुणी कुणाला मारलं की न्यायाधीश बसतो, मारणाऱ्याला टांगतो आणि मेलेल्याच्या आईला कुणी विचारत नाही. भिल्लांत भांजगड होते, म्हणजे वैर मिटवायची बैठक. मारणारा आपल्या माणसांना घेऊन येतो आणि ओढ्यापलीकडे बसतो. त्याला कुणी पाणी देत नाही. मग तो उठून सगळ्यांच्या देखत, आपल्या तोंडाने म्हणतो की मी मारलं, आणि का मारलं ते सांगतो. त्याच्या वतीने दुसऱ्याने म्हणून चालत नाही. तो एवढं बोलला की त्याला पाणी देतात, भरपाई ठरते, एका द्रोणातून दोन्हीकडचे पितात आणि वैर संपतं. त्यानंतर मेलेल्याचा दगड उभा करतात. तो बोलला नाही तर दगड आडवाच राहतो.

"साहेबाला घेऊन ये," ती म्हणाली. "आम्हाला त्याचं काही नको. येऊ दे, बसू दे, बोलू दे."

मी म्हटलं, याहा, मी गेलो आणि परत आलो नाही तर?

"तर तुझा साहेब एकटाच खोटा राहणार नाही, एवढंच."

मी तुमच्यापुढे आलो ती वेळ चहाची होती. मी बोललो ते सुरुवातीलाच सांगितलं आहे. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, वरून हुकूम होता. मी म्हटलं, मग तेच सांगा त्यांना. वर चला, ओढ्यापलीकडे बसा आणि म्हणा की वरच्या हुकमाने मी मारलं. तेवढंही चालेल. ते तुमच्या केसाला धक्का लावणार नाहीत, मी जामीन आहे.

तुम्ही म्हणालात, "मी? त्यांच्यापुढे जमिनीवर बसू?"

मी म्हटलं, सगळं माफ असं तुम्ही म्हणाला होतात, मी ऐकलं. तुम्ही विचारलंत, आणखी कुणी ऐकलं? मी भागाचं नाव घेतलं. भागाला बोलावलं. तो दाराशी उभा राहून म्हणाला, साहेब, कानात साबण गेला होता. त्याला मी दोष देत नाही. त्याला चार लेकरं होती आणि तुमची दाढी रोज वाढत होती.

पण साहेब, एक खरं सांगितलं पाहिजे. तो चहाचा पेला बशीवर ठेवताना वाजला होता. तुम्हाला काहीच वाटलं नाही असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. मग तुमचा चेहरा एकदम मोकळा झाला, जणू उपाय सापडला. म्हणालात, मीठ सोडा. आजच सोडा. बैल भरून पाठवा, वेस्ताच्या घरी माझ्याकडून. दित्याला नाईक करा, पागोटं पाठवा.

तुम्हाला वाटलं, भुकेली माणसं आहेत, मीठ खातील आणि गप्प बसतील. मी डगला काढला, ओसरीच्या कठड्यावर ठेवला आणि बैलांबरोबर वर निघालो. तुमच्या दप्तरात मी पळपुटा शिपाई म्हणून लागलो असेन. लागू दे.

थावरीने बैल ओढ्यापलीकडेच थांबवले. विचारलं, साहेब कुठे आहे?

मी म्हटलं, आला नाही. मीठ पाठवलंय.

बोलायच्या आधी पाठवलेलं घेतलं तर भांजगड मोडते, आणि मेलेला माणूस विकला जातो. हे तिने मोठ्याने सांगितलंही नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. पोती तिथेच उतरवली. पागोटं त्यावर ठेवलं. साहेब, महिनोन्‌महिने अळणी जेवलेली ती माणसं. पोरं ओढ्याच्या अलीकडे रांगेत उभी राहून पोत्यांकडे बघायची आणि ओठ चाटायची. दित्या त्यांना हाकलायचा आणि मग स्वतः तिथे बघत उभा राहायचा. एका सकाळी रेशमी ओढा ओलांडून गेली, एका पोत्याच्या भोकातून मूठभर मीठ काढलं आणि पोरीच्या जिभेला लावलं. थावरी तिथेच होती. तिने मान दुसरीकडे फिरवली.

बाकी कुणी हात लावला नाही. पावसाळ्यात पोती विरघळली. पुढे कितीतरी दिवस रानातली हरणं येऊन ती माती चाटायची.

मी तिथेच राहिलो. सुटका झाली नव्हती, म्हणून आधी राहिलो. पुढे काळी शेळी व्यायली, पोर चालायला लागली, आणि कधीतरी राहण्याला कारण लागेनासं झालं. मीठ बाजारातून मिळायला लागलं, ते आम्ही धान्य देऊन आणायचो. घाटाखाली तुमच्या नावाची विहीर बांधली. तिच्या दगडावर लिहिलंय की या साहेबाने बंदूक न उडवता, नुसत्या शब्दावर भिल्ल जिंकले. ते अक्षर न्‌ अक्षर मी वाचलं. पाणी प्यायलो नाही.

दर होळीला थावरी मला विचारायची, आला का तुझा साहेब? पहिली काही वर्षं खरंच विचारायची. मग थट्टेने. मी म्हणायचो, वाटेत आहे, बूट चावतात म्हणून हळू येतो. ती हसायची.

शेवटच्या दुखण्यात मात्र तिने वेगळंच विचारलं. माझा हात धरून म्हणाली, "उखा, तुझा साहेब खोटं कधी बोलला? हात देताना, की मागून?"

मी म्हटलं, याहा, आता काय फरक पडतो?

"पडतो. हात देतानाच खोटा असेल, तर माझ्या पोराला माणूस ओळखता आला नाही. बावळट होता तो, आणि मी त्याला जा म्हटलं, मीही बावळट. मागून फिरला असेल, तर पोराने बरोबर ओळखलं होतं. तुझा साहेबच भित्रा निघाला. एवढं कळलं की मी मोकळी."

त्या दिवशी तुमच्यापुढे एवढं सगळं बोललो, पण हे विचारायचं सुचलंच नव्हतं. ती तशीच गेली.

म्हणून साहेब, आता विचारतो. तुम्ही नसाल तर तुमच्या खुर्चीवर जो बसला असेल त्याने तुमची कपाटं उघडून बघावं आणि सांगावं. ती सकाळ, तुमच्या गालावर साबण, आणि तुमचा ओला हात माझ्या हातात. वेस्ताला टांगायचा वरचा हुकूम तेव्हा तुमच्या मेजावर येऊन पडला होता, की नंतर आला?